पार्किन्सनमध्ये व्हायब्रेशन थेरपी: चालणं आणि तोल यासाठी ती नेमकी कशी वापरायची

बाबांना पार्किन्सन होऊन सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत हाताच्या थरथरीपेक्षा जास्त छळलं ते पायांनी. थरथर दिसते म्हणून सगळे तिच्याबद्दलच विचारतात, पण रोजचं अवघड होतं ते दारातून वळताना पाय जमिनीला चिकटणं, खुर्चीतून उठताना मागे कलंडणं, आणि वळण घेताना सात-आठ बारीक बारीक पावलं टाकत राहणं. औषधाने ताठरपणा बराच कमी होतो पण तोलाच्या बाबतीत गोळ्यांचा उपयोग फार मर्यादित असतो, हे बहुतेक घरांना उशिरा कळतं, आम्हालाही उशिराच कळलं. मग कोणीतरी व्हायब्रेशन प्लॅटफॉर्मचं (उभं राहायची थरथरणारी फळी) नाव सांगतं, कोणी मसाजरचं, कोणी हातात घालायच्या ग्लोव्हजचा व्हिडिओ पाठवतं, आणि आपण आशेने सगळंच बघत बसतो.

मी डॉक्टर नाही. पण गेली तीन वर्षं बाबांच्या फिजिओच्या देखरेखीखाली हे सगळं आम्ही करून बघितलंय, वहीत लिहून ठेवलंय, आणि त्यावरचं संशोधन जमेल तेवढं वाचलंय. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं त्याच नजरेने वाचता येईल: व्हायब्रेशनमुळे आजार हटत नाही, झालाच तर थोड्या वेळापुरता शरीर जरा मोकळं होतं, आणि त्या मोकळ्या वेळात तुम्ही काय व्यायाम करता यावर जवळपास सगळा फायदा अवलंबून आहे. नुसतं मशीनवर उभं राहून उतरायचं आणि सोफ्यावर जाऊन बसायचं, याने चालणं सुधारणार नाही.

ही कल्पना आली कुठून

गोष्ट जुनी आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि त्याला पार्किन्सनचं नाव मिळालं ते पुढे पॅरिसच्या साल्पेट्रिएर हॉस्पिटलमधल्या झाँ-मार्तँ शार्को या न्यूरॉलॉजिस्टमुळे. शार्कोंच्या लक्षात आलं की लांबचा रेल्वेचा किंवा घोडागाडीचा प्रवास करून आलेले पेशंट उतरल्यावर म्हणतात, आज बरं वाटतंय. म्हणून त्यांनी हादरे देणारी एक खुर्चीच बनवून घेतली आणि १८९२ मध्ये तिच्याबद्दल व्याख्यान दिलं. त्यांचे शिष्य जिल द ला तुरेत यांनी तर डोक्यावर घालायचं थरथरणारं हेल्मेटही केलं. १८९३ मध्ये शार्को गेले आणि ही कल्पना मागे पडली.

पुढे शिकागोच्या रश युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांनी तीच खुर्चीची कल्पना नव्याने तपासली, तो अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. अर्ध्या लोकांना हादरे देणारी खुर्ची, बाकीच्यांना तशीच आरामखुर्ची पण हादरे नाहीत, फक्त निसर्गाचे शांत आवाज, रोज अर्धा तास, महिनाभर. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. हे वाचून मी आधी हिरमुसले होते, पण नंतर वाटलं की हे कळणं फार उपयोगाचं आहे, कारण रोज अर्धा तास शांत बसणं, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, यानेही पार्किन्सनच्या माणसाला खरंच बरं वाटतं. आणि ते 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका. २००१ मध्ये मेंदूच्या पेट स्कॅनवरून दिसलं होतं की बरं वाटेल या अपेक्षेनेच पार्किन्सनच्या पेशंटच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, सुटतं. म्हणजे आपल्या माणसाला बरं वाटलं तर ते खरंच असतं, फक्त ते मशीनमुळे आहे की अजून कशामुळे हे नुसतं बघून सांगता येत नाही.

उभं राहायच्या प्लॅटफॉर्मचंही असंच आहे. २००६ मध्ये जर्मनीत ६८ पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात एका मिनिटाचे पाच राउंड दिल्यावर लगेच तपासलं तर हालचालींचा स्कोअर सरासरी १६.८ टक्के सुधारलेला होता, थरथर आणि ताठरपणा त्याहून जास्त कमी झालेला. मशीन विकणारे हाच आकडा दाखवतात. पण ती सुधारणा लगेचची होती. २००८ मध्ये प्लॅटफॉर्म आणि नेहमीचे तोलाचे व्यायाम यांची तीन आठवडे तुलना केली तेव्हा दोन्हींत सुधारणा झाली, प्लॅटफॉर्म काही सरस ठरला नाही. २००९ च्या एका अभ्यासात खरं व्हायब्रेशन आणि खोटं व्हायब्रेशन दोन्ही गट सारखेच सुधारले. आणि २०१२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) सगळं एकत्र बघून म्हटलं की ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणून आमच्या फिजिओ पहिल्या दिवशीच म्हणाल्या, याला वॉर्मअप समजा. तो शब्द मला अजूनही सगळ्यात योग्य वाटतो.

शरीरात होतं काय, थोडक्यात

स्नायूंच्या आत बारीक सेन्सर असतात, स्नायू किती ताणला गेलाय हे ते मेंदूला सतत सांगत असतात. पार्किन्सनमध्ये ही माहिती मेंदू नीट वापरत नाही, म्हणून माणूस वाकून उभा असतो आणि त्याला वाटत असतं की मी सरळ आहे, छोटं पाऊल टाकतो आणि वाटतं पुरेसं मोठं टाकलं. व्हायब्रेशनने हे सेन्सर जोरात चाळवले जातात. शिवाय ठेक्यात येणारं व्हायब्रेशन बाहेरून ताल देतं, आणि आतला ताल बिघडलेल्या मेंदूला बाहेरचा ताल धरून चालणं सोपं जातं. म्हणून एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, हादरे आणि ठेका, त्या वेगळ्या ठेवा नाहीतर गोंधळ होतो.

पहिलं काम: करायचं की नाही ते विचारून घ्या

हे टाळू नका. खालीलपैकी काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला स्पष्ट विचारल्याशिवाय प्लॅटफॉर्मला हात लावायचा नाही: डीबीएसचं (मेंदूत तारा बसवायचं) ऑपरेशन झालेलं असणं किंवा पेसमेकर, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी (आधी होऊन गेलेली असली तरी), अलीकडचं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, बदललेला गुडघा किंवा खुबा, हाडं फार ठिसूळ असणं, मणक्याच्या गादीचा ताजा त्रास, हर्निया, मूतखडा किंवा पित्ताशयातले खडे, डोळ्याच्या पडद्याचा आजार, फिट येणं, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असणं, गरोदरपण. डायबेटिसने तळपाय बधिर झालेले असतील तरी सांगा, कारण त्या माणसाला जास्त झालेलं कळतच नाही.

आणि एक गोष्ट जी पार्किन्सनमध्ये खूप जणांना असते आणि घरी कोणी बघत नाही, ती म्हणजे उभं राहिल्यावर बीपी पडणं. घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त पडला तर आधी डॉक्टरांना ते सांगा, प्लॅटफॉर्म नंतर. बाबांचा वरचा आकडा २६ ने पडत होता आणि आम्ही वर्षभर समजत होतो की तोल जातोय म्हणून ते उठल्यावर डगमगतात. औषधांच्या वेळा बदलल्यावर निम्मं डगमगणं थांबलं, एकही मशीन न वापरता.

दुसरं: सुरू करायच्या आधी मोजा

हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून सगळे सोडतात, मग दोन महिन्यांनी फरक पडला का विचारलं की कोणी 'हो थोडा' म्हणतं, कोणी 'नाही' म्हणतं, आणि दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं. तीन मोजमापं पुरतात, मोबाईलचं स्टॉपवॉच आणि जमिनीवर चिकटवायची पट्टी एवढंच लागतं.

एक, हात असलेल्या खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, एकूण किती सेकंद. दोन, छातीवर हात बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस, किती सेकंद, आणि हाताशिवाय उठताच येत नसेल तर तसं लिहायचं, जबरदस्ती नाही. तीन, जागच्या जागी पूर्ण गोल वळायचं आणि पावलं मोजायची, एकदा उजवीकडून एकदा डावीकडून. हे तिसरं मला सगळ्यात बोलकं वाटतं, कारण पडणं बऱ्याचदा वळताना होतं आणि एक बाजू बहुतेकदा जास्त वाईट असते. बाबांना उजवीकडे वळायला नऊ पावलं लागायची, डावीकडे चौदा.

दर वेळी गोळीनंतर तेवढ्याच वेळाने मोजा, नाहीतर तुम्ही व्हायब्रेशनचा नाही तर गोळीचा परिणाम मोजत असाल. सुरुवातीला आठवड्यात तीन दिवस मोजा आणि मधला आकडा धरा. मोजताना एक माणूस शेजारी, जरा मागे उभा, हात तयार ठेवून पण न धरता. शिवाय एक व्हिडिओ समोरून आणि एक बाजूने काढून ठेवा, वाक किती आहे ते आकड्यात दिसत नाही.

तिसरं: कुठलं व्हायब्रेशन, कशासाठी

प्लॅटफॉर्म साधारण तीन प्रकारचे असतात. एकात पूर्ण फळी सरळ वर-खाली होते, दुसऱ्यात फळी सी-सॉसारखी डावी-उजवी हलते, आणि तिसऱ्यात हलणं मुद्दाम अनियमित ठेवलेलं असतं, पुढचा हादरा कधी येईल ते शरीराला ओळखता येत नाही. मी वर सांगितलेला ६८ जणांचा अभ्यास या तिसऱ्या प्रकारावरचा होता, ६ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला साधारण सहा हादरे), ३ मिलिमीटर. म्हणून तो आकडा दाखवून कोणी ४० हर्ट्झचं साधं फिटनेस मशीन विकत असेल तर ते त्या मशीनबद्दल काहीच सांगत नाही. फिटनेसची ही मशीन्स पार्किन्सनसाठी बनवलेली नसतात, बऱ्याचशांना पकडायला धड दांडाही नसतो, आणि तोल जाणाऱ्या माणसाला दांड्याशिवाय हलत्या फळीवर उभं करणं म्हणजे पाडण्याची व्यवस्था करणं आहे. सी-सॉ प्रकारात पाय जवळ घेतले की हादरा कमी, लांब केले की जास्त, त्यामुळे कमी-जास्त करणं सोपं जातं. सुरुवात क्लिनिकमध्येच करा, घरचं मशीन घ्यायचा विचार निदान दोन महिने करू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे हातात धरायचा व्हायब्रेटर, पोटरीला किंवा तळपायाला लावायचा. तिसरी म्हणजे मनगटावर किंवा मांडीला बांधायचं ठेका देणारं छोटं यंत्र. मसाज गन म्हणून जी मिळते ती वेगळी, ती ठोके मारते, आणि वयस्कर पातळ स्नायूंवर आणि हाडांजवळ ती मला अजिबात आवडत नाही.

चौथं: प्लॅटफॉर्मचं सेशन

वेळ गोळी लागू झाल्यावरची, बहुतेकांना लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य गोळीनंतर पाऊण ते एक तास लागतो, तुमच्या माणसाचं काय ते तुम्हाला माहीत असेलच. ऑफमध्ये, म्हणजे गोळीचा असर उतरलेला असताना, चढवू नका. अंग खूप वळवळतंय, डिस्कायनेशिया जोरात आहे, तेव्हाही नाही.

चढताना फळी बंद. हे लिहावं लागतंय कारण आमच्या पहिल्या सेशनला एका ठिकाणी मशीन चालू ठेवूनच चढा म्हणाले होते, बाबांचा एक पाय हलत्या फळीवर आणि एक जमिनीवर, आणि तिथेच ते फ्रीझ झाले, म्हणजे पाय चिकटले. मी एकीकडून आणि मदतनीस दुसरीकडून धरून होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून नियम असा की मशीन बंद, आधी दांडा दोन्ही हातांनी, मग एक पाय, थांबा, मग दुसरा, नीट उभे राहिलात का, आता चालू.

पायात पातळ, न घसरणारे मोजे किंवा अनवाणी, जाड सोलचे बूट हादरा खाऊन टाकतात. दोन पायांत खुब्याच्या रुंदीएवढं अंतर. गुडघे थोडे वाकलेले, साधारण २० ते ३० अंश, म्हणजे खुर्चीत बसायला निघालात आणि मध्येच थांबलात असे. वजन पावलाच्या पुढच्या भागावर पण टाच उचलायची नाही. नजर समोर, डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर काहीतरी चिकटवून ठेवा कारण पार्किन्सनमध्ये मान आपोआप खाली जाते आणि मग पाठही जाते.

गुडघे सरळ ताठ असतील तर हादरा थेट डोक्यात जातो, डोकं दुखतं, चक्कर येते. हे तपासायची एक सोपी युक्ती आमच्या फिजिओंनी शिकवली: मशीनवर असताना मोठ्याने आकडे मोजायचे. आवाज खरखर थरथर यायला लागला की समजायचं हादरा वरपर्यंत पोचतोय, गुडघे अजून जरा वाकवा किंवा पाय जवळ घ्या. आवाज स्वच्छ आला की पोझिशन बरोबर. बाबांचा आवाजही पार्किन्सनने बारीक झालाय, त्यामुळे मोठ्याने मोजण्याचा तो व्यायाम आपसूक होतो.

पहिल्या दोन-तीन सेशनला ३० सेकंदांचे तीनच राउंड, मध्ये एक मिनिट विश्रांती, दांडा धरून उभ्याने किंवा मागे खुर्ची ठेवून बसून. काही त्रास नसेल तर हळूहळू एक मिनिटाचे पाच राउंड. त्याच्या पुढे वाढवण्यात मला अर्थ वाटत नाही. फ्रिक्वेन्सी फिजिओ ठरवतील, आमची सी-सॉ प्लॅटफॉर्मवर ६ हर्ट्झपासून सुरुवात झाली. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, लागोपाठच्या दिवशी नको.

पायांना खाज सुटणं, थोडी लाली येणं नेहमीचं आहे, जाते. पण चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, नजर धूसर होणं, गुडघ्यात किंवा पाठीत नवीन दुखणं, पोटरीला एका बाजूने सूज, यातलं काहीही झालं की त्या दिवशी बंद आणि डॉक्टरांना फोन. थांबवल्यावर फळी पूर्ण स्थिर होईपर्यंत उतरायचं नाही, दांडा धरून तिथेच थांबायचं, मग आधी कमजोर पाय खाली.

पाचवं: नंतरची वीस मिनिटं, आणि हेच मुख्य

उतरल्यावर खुर्चीत एक मिनिट, दोन घोट पाणी, आणि लगेच व्यायाम. बाबांच्या चेहऱ्यावरूनच कळतं कधी कधी, खांदे जरा सैल झालेले असतात, पहिलं पाऊल अडकत नाही. ती वेळ फोन बघण्यात घालवायची नाही.

आम्ही खुर्चीतून उठण्यापासून सुरुवात करतो. बूड खुर्चीच्या कडेला, पाय गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं पुढे झुकायचं आणि मग उठायचं. बाबांची खोड अशी की झुकायच्या आधीच उठायला बघायचे आणि मागे पडायचे, म्हणून मी समोर हात धरून उभी राहते आणि सांगते, आधी माझ्या तळहाताला कपाळ लावायला या, मग उठा. असं आठ-दहा वेळा.

मग वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, ओट्यासारखं काहीतरी स्थिर समोर धरायला ठेवून. पूर्ण वजन उजव्या पायावर, डावी टाच सुटली पाहिजे, मग उलट. हे सोपं दिसतं पण फ्रीझिंगचं बरंचसं मूळ इथे आहे, कारण पाऊल उचलायचं तर आधी वजन दुसऱ्या पायावर जावं लागतं आणि तेच होत नाही. त्यानंतर पुढे, बाजूला आणि मागे मोठी पावलं, तोंडाने 'मोठं' म्हणत. मागचं पाऊल शेवटी आणि आधार धरूनच.

वळण शिकवायला आम्ही जमिनीवर घड्याळ कल्पून घेतो. मध्ये बाबा, तोंड बाराकडे. उजवा पाय उचलून तीनकडे, डावा त्याच्याजवळ. परत उजवा सहाकडे, डावा जवळ. असं चार टप्प्यांत पूर्ण वळण. पाय घासत गोल फिरायचं नाही, उचलून ठेवायचा. खोलीत चालताना मात्र जागच्या जागी वळण्यापेक्षा मोठा वळसा घ्यायला सांगा, इंग्रजी यू अक्षरासारखा. शेवटची पाच मिनिटं नुसतं चालणं, हात झुलवत, आणि जमत असेल तर त्यातच दोन-तीन दारं ओलांडून.

थकवा आला की बंद. थकलेल्या माणसाचा तोल आणखी जातो आणि दुपारी पडण्याची भीती राहते.

सहावं: पोटरी आणि तळपायाला व्हायब्रेटर, फक्त बसून

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि मसाजरच्या माहितीपत्रकात ती नसते. पोटरीच्या खाली टाचेकडे जो जाड दोरीसारखा पट्टा लागतो ना, अकिलीस टेंडन, त्याच्यावर उभ्याने व्हायब्रेशन दिलं की माणूस मागे झुकतो. आजार नसलेल्या माणसातही होतं हे. मेंदूला खोटी बातमी जाते की पोटरी ताणली गेली म्हणजे मी पुढे पडतोय, म्हणून तो शरीराला मागे खेचतो. आता पार्किन्सनचा माणूस आधीच मागे पडायच्या बेतात असतो, त्याला ओट्याशी उभं करून प्रेमाने पोटरीला मसाजर लावला तर काय होईल ते तुम्हीच बघा. म्हणून हे काम बसूनच, पाठ टेकून, पाय जमिनीवर किंवा स्टुलावर.

हलका दाब, पोटरीच्या मांसल भागावर एक-दीड मिनिट, मग तळपायाखाली तेवढंच, मग दुसरा पाय. हाडावर नाही, गुडघ्याच्या मागच्या खळगीत नाही, फुगलेल्या शिरांवर नाही, जखमेवर नाही, मानेच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. काढल्यावर लगेच उठवायचं नाही, घोटे वर-खाली वीस वेळा, मग उठायचं. रात्री पोटरीत गोळे येतात त्यांना यानेच बाबांना बरं वाटतं, चालण्यात फरक मला दिसला नाही.

तळपायाखाली चालताना पावलागणिक व्हायब्रेशन देणारे इनसोल मात्र वेगळे. २००६ मध्ये त्यावर छोटा अभ्यास झाला होता, पाय टेकला की तेवढ्यापुरतं व्हायब्रेशन, त्यात चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी सुधारलेली दिसली. फार थोड्या लोकांवरचं होतं, पण कल्पना मला पटते, कारण ती चालण्याच्या वेळीच काम करते.

सातवं: मनगटावरचा ठेका

आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला आणि यात मोठं मशीन लागत नाही. मनगटावर बांधायचं व्हायब्रेट होणारं मेट्रोनोम मिळतं, काही स्मार्टवॉचवरही ॲप चालतं. आवाजाच्या मेट्रोनोमपेक्षा हे बरं कारण गर्दीतही ते जाणवतं आणि आजूबाजूला कोणाला कळत नाही, बाबांना चार लोकांत टिकटिक आवाज नको असतो.

ठेका असा ठरवा. गोळी लागू असताना नेहमीसारखं एक मिनिट चालायला सांगून पावलं मोजा. समजा १०० आली. पाय चिकटण्याचा त्रास असेल तर ठेका त्याहून साधारण १० टक्के कमी, म्हणजे ९० ठेवून बघा, कारण जलद ठेक्याने पावलं आणखी बारीक होतात आणि मग अडकतात. पाय चिकटत नसतील, फक्त चाल हळू असेल, तर १०५ ते ११०. आधी बसून पायाने ठेका धरायला शिकवा, मग उभ्याने वजन डावी-उजवीकडे त्याच ठेक्यात, मग चालणं. पाच-पाच मिनिटं. सूचना एकच द्या, ठेक्याला मोठं पाऊल. दिवसभर चालू ठेवलं तर मेंदूला त्याची सवय होते आणि मग जाणवेनासं होतं, म्हणून व्यायामाला आणि अवघड जागी, एवढंच.

अडकलेच तर ओढू नका. घाबरून आपण हात धरून पुढे खेचतो, वरचं शरीर पुढे जातं, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. थांबा, श्वास, सरळ व्हा, वजन डावीकडे, उजवीकडे, तीन ठेके मोजा, आणि चौथ्याला मोठं पाऊल. मी नुसतं बाबांच्या कोपराला दोन बोटं लावून त्या ठेक्यात हलकेच टकटक करते, तेवढंही कधी कधी पुरतं.

बोटांच्या ग्लोव्हजबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. स्टॅनफोर्डमधल्या पीटर टास यांच्या टीमचं ते काम आहे, बोटांच्या टोकांना एका ठराविक क्रमाने बारीक व्हायब्रेशन द्यायचं म्हणजे मेंदूतल्या पेशींचा एकत्र ठोके देण्याचा बिघडलेला ताल मोडेल. २०२१ मध्ये छापलेले निकाल आशा वाटावी असे होते, पण पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि तुलनेला खोटा ग्लोव्ह नव्हता. व्हिडिओ बघून मला रडू आलं होतं, खरंच. तरीही त्या नावाखाली कोणी घरपोच ग्लोव्ह विकत असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि कशाच्याही भरवशावर गोळीचा डोस स्वतःहून कमी तर अजिबात करू नका, ते धोक्याचं आहे.

आठवं: चालू ठेवायचं की सोडायचं

सहा आठवडे केल्यावर तीच तीन मोजमापं घ्या. मग दोन आठवडे फक्त व्हायब्रेशन बंद करा, व्यायाम मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी, तेवढाच वेळ करत राहा. परत मोजा. ही शेवटची पायरी कोणी करत नाही आणि तीच सगळं सांगते.

आमचं असं निघालं की सहा आठवड्यांनी ३ मीटरचं चालणं २१ सेकंदांवरून १७ वर आलं होतं, डावीकडचं वळण चौदा पावलांवरून नऊवर. प्लॅटफॉर्म बंद करून नुसता व्यायाम ठेवला तर १७ चे १७ च राहिले. मग मनगटावरचा ठेकाही दोन आठवडे काढून बघितला, तेव्हा वळणाची पावलं परत बारापर्यंत गेली. म्हणून आम्ही क्लिनिकचा प्लॅटफॉर्म थांबवला, त्या वेळात फिजिओंकडे तोलाच्या व्यायामाचं सेशन घेतो, आणि ठेका ठेवला. तुमच्याकडे उलटंही निघू शकेल, एखाद्याचा ताठरपणा प्लॅटफॉर्मवर इतका सुटतो की त्याशिवाय व्यायामच होत नाही, आमच्याच ग्रुपमधल्या एका आजींचं तसं आहे, त्यांनी तो सोडू नये.

बाबांना स्वतःला काय वाटलं तेही वहीत लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत. प्लॅटफॉर्मपुढे 'पाय जागे होतात, पण परत झोपतात' आणि मनगटाच्या यंत्रापुढे 'कोणीतरी बरोबर चालतंय असं वाटतं'. काल ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले, मनगटाकडे न बघता तीन ठेके मोजले आणि चौथ्याला आत आले, मी ओट्याशीच उभी होते, हात पुढे केला नाही.